पहिला मास्क घेऊ काय?

"ओ काका, बेसबॉलची अंपायरिंग सुरू करायची तर पहिला मास्क घेऊ काय?" बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर आज एका पोरानं विचारलं. प्रश्न डोक्यातनं जाईना.

मास्क, छातीचं पॅड, शिनगार्ड लागतातच, पण प्लेटमागे, म्हणजे बॅटर जिच्याजवळ उभा राहतो त्या जमिनीवरच्या पांढऱ्या पाटीमागे. सुरुवात बेसवरनं करावी, म्हणजे रनर धावताना ज्या टप्प्यांना पाय लावतो तिथनं. पहिल्या बेसपासून 15 ते 18 फुटांवर, थ्रोच्या रेषेला काटकोनात उभं राहायचं. नजर बेसवर नि रनरच्या पायावर, कान ग्लोव्हमध्ये चेंडू शिरल्याच्या आवाजाकडं: आधी पाय की आधी चेंडू, ते ठरवायचं. फार जवळ गेलं की डोळ्यांना सगळं एकदम पकडता येत नाही.

प्लेटमागे घात करते ती घाई. प्लेट 17 इंच रुंद, तिच्यावरच्या, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या झोनला चेंडूची कड चाटून गेली तरी स्ट्राइक, म्हणजे कॉल बॅटरच्या विरोधात. बॅटर आणि प्लेटमागे बसून चेंडू पकडणारा कॅचर यांच्यामधल्या फटीतनं बघा, हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या उंचीला. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत डोकं हलवू नका. कॉल त्यानंतर.

क्रिकेटमधनं येणाऱ्यांना इथंच जड जातं. तिथं बाद द्यायला अपील लागतं. इथं बॅटरनं सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर आपणहून निर्णय द्यायचा असतो.

पोरं खेळायला तयार आहेत. बेसवर उभं राहायला आपल्यातलं कोण येणार?