पूल आला की मी खिडकीला

कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीजवळ पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. पण गंमत अशी की गाडीत बसून पूल दिसतच नाही, अचानक खालची जमीन गायब होते आणि माडांचे शेंडे पायाखाली दिसतात बस! हा पूल बांधलाय पण भारी पद्धतीने, म्हणजे वरचा भाग एका टोकाला ओतायचा आणि जॅक लावून खांबांवरून पुढे पुढे सरकवत न्यायचा.

दुसरा आपला लाडका म्हणजे रामेश्वरमचा पांबन, १९१४ चा, दोन किलोमीटरच्या वर, समुद्राच्या अगदी जवळून, गाडी इतकी हळू जायची की लोक दारात उभे राहून वारा खायचे आणि कोणाची तक्रार नसायची. जहाज आलं की मधला भाग दोन्हीकडून वर उचलायचे, तेही माणसं हाताने, मोटर वगैरे काही नाही. १९६४ च्या वादळात त्याचं बरंच नुकसान झालं तेव्हा ई. श्रीधरन यांच्या टीमने तो ४६ दिवसांत परत सुरू केला, आणि पुढे कोकण रेल्वेही याच माणसाच्या हाताखाली झाली!! आता २०२५ पासून शेजारी नवा पूल आहे, त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो. सोयीचा आहे, मान्य, पण माझं मत जुन्यालाच.

मेघालयातला नोंग्रियाटचा रबराच्या झाडांच्या जिवंत मुळांचा डबल डेकर पूल पण भन्नाट, फक्त पायऱ्या तीन हजारांच्या वर आहेत, गुडघे बघून जा.