सोमवारचा पट्टा आणि आपली गदा

अमेरिकेत, मी राहते त्या मेम्फिसमध्ये कुणालाही सांगा की आमच्या महाराष्ट्रात कुस्तीचं वेड आहे, पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई?’ माझी तळपायाची आग मस्तकात जाते. कुठे ती रंगवलेली तोंडं आणि खुर्च्यांची फेकाफेक, आणि कुठे आपली कुस्ती! मग मी सुरू होते. शाहू महाराजांचं कोल्हापूरचं खासबाग मैदान, 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेलं ब्राँझ, पहाटे तालमीत चाललेले जोर-बैठका. तरीही पटलं नाही तर मोबाईलवर 2023 ची महाराष्ट्र केसरीची फुलगावची फायनल लावते. सिकंदर शेख शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट करतो आणि ऑफिसातला एकजण विचारतो, ‘बस? संपलं?’ हो, संपलं! वर्षभर खुराक, मेहनत, दुखापती आणि पाठ टेकली की खेळ खलास. आपल्या कुस्तीचं मोठेपण त्यातच आहे. यांना आधी माईकवर भांडण लागतं, मग पंचाची पाठ वळलेली असताना दगाफटका लागतो, आणि शेवटी पुढच्या आठवड्याची जाहिरात. याला खेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परवा मात्र समोरच्या घरातल्या आजोबांनी एक वही दाखवली आणि हे लिहायला बसले.

पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. गॅरेजमधल्या फळीवरून त्यांनी ती वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. प्रत्येक पानावर सोमवारची तारीख, खाली बॉलपेननं कुस्त्यांचे निकाल. ‘सदर्न हेवीवेट’ या किताबाचा पट्टा ज्या रात्री एकाकडून दुसऱ्याकडे गेला, त्या ओळीखाली पट्टी धरून मारलेली लाल रेघ. वडिलांचं बोट धरून ते इथल्या मिड-साउथ कोलिझियम या स्टेडियमला जायचे आणि घरी आल्यावर झोपायच्या आधी हे लिहायचे.

तेव्हाची व्यवस्था अशी. 1948 साली आयोवातल्या वॉटर्लूमध्ये कुस्त्या भरवणाऱ्या प्रवर्तकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स काढली आणि पुढे आपापले मुलूख वाटून घेतले. जगज्जेता एकच, तो सगळीकडे फिरायचा. पण प्रत्येक मुलखाचा स्वतःचा किताब असायचा, आणि गावाचा जीव त्याच्यात. मेम्फिसचा तो सदर्न. सोमवारी मेम्फिस, मंगळवारी लुइव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल असा मल्लांचा फेरा. शनिवारी सकाळी चॅनेल पाचवर थेट कार्यक्रम. त्यात लान्स रसेलच्या जोडीला समालोचन करायचा डेव्ह ब्राउन, जो इतर दिवशी हवामान सांगायचा. सोमवारची तिकिटं खपवायचं काम तो कार्यक्रम करी.

1974 च्या उन्हाळ्यात जेरी लॉलर या पोरसवदा मल्लानं जुना लाडका जॅकी फार्गो याला हरवलं आणि ‘किंग’ झाला. त्यानं हा पट्टा पन्नासच्या आसपास वेळा जिंकला. पन्नास! अर्थ सरळ आहे: तितक्यांदा तो गमावलाही. राजा पडला की पुढचा सोमवार भरतो, म्हणून त्याला पाडायचं. 1980 मध्ये मात्र मित्रांबरोबर फुटबॉल खेळताना लॉलरचा पाय खरोखरच मोडला, तो बरेच महिने बाहेर राहिला आणि गर्दी ओसरली. आजोबांच्या वहीत त्या वर्षाची पानं रोडावलेली दिसतात.

मी विचारलंच, निकाल आधी ठरलेला असायचा ना? ते म्हणाले, ‘सोमवारी संध्याकाळी मला तो माहीत नसायचा.’

रात्री पुण्याला काकांना फोन केला. काका शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीत घाम गाळलेले. म्हणाले, ‘अगं, नुरा ती, आधी ठरवून केलेली कुस्ती! नुऱ्याच्या निकालाची कुणी वही लिहितं का?’ अगदी माझ्या मनातलं बोलले, तरी मला आजोबांची बाजू घ्यावीशी वाटली. म्हटलं, काका, दारासिंगची फ्रीस्टाइल बघायला तुम्ही वरळीच्या स्टेडियमवर गेला होतात ना? काका म्हणाले, ‘तो दारासिंग होता.’

एका गोष्टीत तर मी या गावाला मनापासून मानते. कोलिझियम उभं राहण्याआधी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, इथे काळ्या प्रेक्षकांना वरच्या कोपऱ्यातल्या मोजक्या जागांवर कोंबायचे. स्पुटनिक मन्रो नावाच्या गोऱ्या मल्लानं ठणकावलं: त्यांना हवं तिथे बसू द्या, नाहीतर मी लढत नाही. त्याच्यावर गल्ला चालायचा, त्यामुळे ऐकावं लागलं. लढत ठरवलेली असेल, ही अट ठरवलेली नव्हती.

भाऊबंदकी मात्र इथेही होती. 1977 मध्ये जेरी जॅरेट जुना प्रवर्तक निक गुलासपासून फुटला आणि मेम्फिस घेऊन गेला. पुढे केबल टीव्हीवरून डब्ल्यूडब्ल्यूईवाल्या मॅकमहननं सगळा देश काबीज केला, मुलूख बुडाले, आणि 1987 च्या सुमारास सदर्नचा पट्टा बंद झाला. कोलिझियमला 2006 मध्ये टाळं लागलं. फुटीचं ऐकून मला आपला 2023 चा नोव्हेंबर आठवला. दोन संघटना, एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी: फुलगावला सिकंदर, धाराशिवला शिवराज. मामासाहेब मोहोळांनी 1953 मध्ये कुस्तीगीर परिषद उभारली ती यासाठी नव्हे. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण दोन्ही मैदानांत कुस्त्या खऱ्या झाल्या. शिवराज एका ठिकाणी हरला, दुसरीकडे जिंकला, आणि ते कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं.

आजोबांनी आता आपल्या महाराष्ट्र केसरींची यादी मागितली आहे, म्हणून मीही वही घातली. 1961, दिनकर दह्यारी, इथून सुरुवात. लागोपाठ तीनदा जिंकणारे नरसिंग यादव आणि विजय चौधरी. तीनच्या पुढे कुणी गेलेलं नाही. माती आणि गादी असे दोन विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, हे ऐकून आजोबा खुर्चीत सरसावून बसले. मग त्यांचं बोट कोऱ्या ओळींवर आलं. ही वर्षं का रिकामी? म्हटलं, त्या वर्षी विजेत्याची गदा कुणालाच दिली नाही. त्यांना खरंच वाटेना. भरलेलं मैदान विजेत्याशिवाय कसं काय घरी पाठवता? त्यांच्या अख्ख्या वहीत असा एकही सोमवार नाही. मला त्या कोऱ्या ओळींचा फार अभिमान वाटला.

पुण्यातल्या वाचकांना एक विनंती. घरात जुन्या मैदानांची हँडबिलं, पिवळी पडलेली कात्रणं, तालमीतले गटफोटो असतील तर रद्दीत घालू नका, फोटो काढून मला पाठवा. भूगावला 2017 मध्ये अभिजित कटके जिंकला तेव्हा मैदानात असलेल्यांनी तर नक्की लिहा. आजोबांना प्रत्येक निकालाखाली तो डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या चार ओळी हव्या आहेत.