विषाणू नेमका कुठे जाऊन बसतो

एचआयव्ही टी पेशीत (प्रतिकारशक्तीच्या एका पेशीत) शिरल्यावर आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतो आणि इंटिग्रेज या विकराच्या साहाय्याने ती माणसाच्या गुणसूत्रात कायमची जोडतो, हे मी पूर्वीच वाचले होते. पण ही जागा केवळ योगायोगाने ठरत नाही, हे कळल्यावर या विषयात खरा गुंतलो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने विषाणूचा ओढा सक्रिय जनुकांकडे असल्याचे दाखवले. पेशीतलीच प्रथिने त्याला वाट दाखवतात: सीपीएसएफ6 त्याला केंद्रकात आत नेते, तर एलईडीजीएफ सक्रिय जनुकांशी बांधते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती 2020 सालची नोंद. औषधांशिवाय विषाणूला काबूत ठेवणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये त्याच्या अखंड प्रती अनेकदा गुणसूत्रांच्या निद्रिस्त भागांत, सेंट्रोमिअरमध्ये (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागात) किंवा जनुकविरहित पट्ट्यांत आढळल्या. विषाणूने ती जागा निवडली असे नव्हे. सक्रिय जागी प्रत असलेल्या पेशी प्रतिकारशक्तीने वर्षानुवर्षे वेचून नष्ट केल्या आणि गप्प राहिलेल्या तेवढ्या उरल्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. याउलट बीएसीएच2 सारख्या जनुकात शिरलेली प्रत त्या पेशीलाच टिकून राहण्यास आणि विभागण्यास मदत करू शकते, आणि प्रत्येक विभाजनाबरोबर तीही दुप्पट होते.