विद्यार्थ्यांचे यंत्रप्रकल्प आणि ॲजाइल पद्धत

अंतिम वर्षाच्या अभियांत्रिकी प्रकल्पात आराखडे महिनोन्‌महिने बदलत राहतात आणि यंत्र उभे राहते ते सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात. ही सवय मोडायला ॲजाइल पद्धत, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून प्रत्येक टप्प्यावर वापरणाऱ्याचे मत घेत पुढे जाण्याची रीत, मला मनापासून उपयुक्त वाटते. ती केवळ सॉफ्टवेअरवाल्यांची नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या लोकांनी काढलेल्या २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्याआधी, १९८६ मध्ये, ताकेउची आणि नोनाका या जपानी व्यवस्थापन-अभ्यासकांनी होंडा, कॅनन अशा कंपन्यांतील उत्पादनविकास अभ्यासून रग्बी संघासारखे एकत्र पुढे सरकणारे गट वर्णिले होते, आणि ‘स्क्रम’ या ॲजाइल कार्यपद्धतीचे नाव तिथूनच आले.

कोल्हापुरात उसाचे डोळे काढणारे यंत्र करणाऱ्या गटाचा विचार करा. ओतीव भाग दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्यात) होईलच असे नाही, कारण पॅटर्न, साचा, ओतकाम आणि मशिनिंग यांना त्यांचा वेळ लागतो. म्हणून पहिल्या स्प्रिंटमध्ये साधी लाकडी चौकट करून तीत खरा ऊस धरून पाहावा, करवीर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला ती हाताळू द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकूनच शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये काम टाकावे. स्क्रममधली रोजची पंधरा मिनिटांची बैठक तासिकांमुळे जमत नसेल, तर ती आठवड्यातून दोनदा घ्यावी.

नेतृत्वाबाबत माझे मत ठाम आहे. स्क्रम मास्टर, म्हणजे गटाला ही पद्धत पाळायला मदत करणारा सदस्य, हुकूम सोडत नाही, अडथळे दूर करतो. ही जबाबदारी दर स्प्रिंटला फिरती ठेवली, तर एरवी केवळ अहवाल टंकण्याचे काम जिच्याकडे ढकलले जाते, त्या मुलीलाही वर्कशॉपशी बोलणी करण्याची आणि गटाचे काम पुढे नेण्याची संधी मिळते.