गिरणी कामगाराच्या मुलाला मिशेलिनचं एवढं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "बाप गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर राबला, १९८२च्या संपात घर बसलं, आणि तू एका फ्रेंच मालकाचे गोडवे गातोस?" लालबागच्या चुलत्यांपासून कारखान्यातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हे मला ऐकवलंय.

मी टायरमधला इंजिनिअर आहे. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीचे मालक फ्रान्स्वा मिशेलिन मला आधी भेटले ते रेडियल टायरमधून. पेटंट १९४६चं, म्हणजे त्यांच्या आधीचं. पण १९५५पासून १९९९पर्यंत घरची कंपनी चालवताना त्यांनी सगळा भर त्यावरच दिला. आतले दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, वर पोलादी पट्टा. बाजू लवते, रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो, टायर कमी तापतो आणि कितीतरी जास्त टिकतो. जास्त टिकणारा टायर म्हणजे गिऱ्हाईक उशिरा परत येणार, हे कळत असूनही त्यांनी तो विकला. आणि तो शोधणारा मारियूस मिन्योल कंपनीत लागला होता छापखान्यात! आमच्या गिरणीत जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, कुणाला असं वर येऊ दिलं असतं?

आणखी एक. त्यांची कंपनी अशा भागीदारीची की बुडाली तर देणं चालवणाऱ्याच्या स्वतःच्या घरादारापर्यंत पोचतं. दादांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, गिरणीत साचे भंगारात गेले, जमीन मालकाकडेच राहिली. हा फरक मला लहान वाटत नाही. आजही वाटत नाही.

१९९९च्या पावसाळ्यात एका रविवारी हे सगळं मी दादांना सांगत होतो. म्हटलं, "दादा, १९५१ साली घरच्याच कारखान्यात हा माणूस नाव लपवून कामगार म्हणून लागला."

दादा तंबाखू मळत होते. "नाव लपवलं. विसरला नव्हता ना?"

मी चिडलो. निदान आत तरी गेला, म्हणालो. आपल्याकडचा कोणता मालक साच्यापाशी उभा राहिला?

"मला आत नाव कुठं होतं?" दादा म्हणाले. "बिल्ल्याचा नंबर होता." आणि त्यांनी तो नंबर सांगितला. संपाला सतरा वर्षं झाली होती, तरी एका दमात. मग तंबाखू तशीच हातात धरून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेलो नाही.

सप्टेंबरात बातमी आली. कंपनीचा सहा महिन्यांचा नफा वाढला, आणि त्याच वेळी युरोपातल्या साडेसात हजार नोकऱ्या तीन वर्षांत कमी करायचं जाहीर झालं. शेअर वधारला. सरकारकडूनच सगळी अपेक्षा ठेवू नका, असं पंतप्रधान जोस्पँ टीव्हीवर म्हणाले आणि फ्रान्स पेटला. मी तो पेपर घडी करून बॅगेत घातला. दादांना दाखवला नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की निर्णय मुलाचा, एदुआरचा. वडील तर नुकतेच बाजूला झाले होते. खोटं होतं ते. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेतली कंपनी विकत घेऊन कर्ज झालं, तेव्हा वडिलांनीच हजारो माणसं कमी केली होती. युनियनशी त्यांचं कधी जमलं नाही, हेही मला ठाऊक होतं. तरीही कंपनी उभी राहिली, विकली गेली नाही, आपलं मूळ गाव क्लेरमाँ-फेराँ सोडून गेली नाही. हे दोन्ही मी एकाच श्वासात म्हणतो आणि म्हणतच राहणार.

मे २००६मध्ये एदुआर फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यापाशी मासेमारीच्या बोटीवर होते. बोट बुडाली, ते गेले. यावेळी बातमी दादांनीच काढली.

"तुझ्या त्या मालकाचा पोरगा बुडाला म्हणे. वय काय?"

"बेचाळीस."

"आणि म्हातारा?"

"आहे. एकोणऐंशीचा."

दादा बराच वेळ गप्प बसले. "मग आता गिरणी कोण बघतो?"

"नात्यातलेच एक."

"आणि ते साडेसात हजार?"

ती बातमी त्यांनी तेव्हाच वाचली होती. सात वर्षं मला एका शब्दानं बोलले नव्हते.