विषम क्रमांकांतला पोपट

पणजीच्या फोंताइन्यास भागातल्या एका घरातून दुरुस्तीला आलेल्या जुन्या अंकांच्या पेटीसोबत हाताने केलेली यादी होती. ब्राझीलच्या 'ओ पातो दोनाल्द' या डोनाल्ड डकच्या साप्ताहिकाचे अंक. 478 पर्यंत सगळं ओळीने, आणि 479 पासून पुढे प्रत्येक विषम क्रमांकासमोर 'गहाळ'. घरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "निम्मे कसरीनं खाल्ले हो. उरलेत तेवढे तरी वाचवा."

कसर होतीच. अशा वेळी अंक आधी चाळायचे नसतात. पाच-सहा अंकांचा एकेक गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड चिकटवायचं आणि डीप फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांना दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडायची नाही. गोव्याच्या दमट हवेत घाई केली तर थंड कागदालाच पाणी सुटतं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. अशा मासिकांचा पहिला शत्रू म्हणजे मधल्या दोन पिना. त्या गंजतात, गंज कागदात उतरतो आणि घडीवर पान तुटतं. पिन ओढून काढली तर भोकाभोवतीचा कागद तिच्यासोबत येतो. म्हणून अंक मधोमध उघडायचा, पातळ पट्टीने पिनेचे पाय आतून सरळ करायचे आणि मग बाहेरून हळूच काढायची. गंजाची पूड मऊ ब्रशने झाडायची, घडीला जपानी कागदाची अरुंद पट्टी गव्हाच्या खळीने लावायची, सुकल्यावर त्याच भोकांतून सुती दोऱ्याचे टाके. चिकटपट्टी कधीच नाही. तिचा गोंद पिवळा पडून शाईपर्यंत जातो.

पिना काढता काढता पेटीच्या तळाचा वेगळा गठ्ठा हाती आला. मुखपृष्ठावर 'झे कारिओका', रिओचा हिरवा पोपट. क्रमांक 479, 481, 483.

यादी करणाऱ्याने पोपटाची मासिकं 'इतर' म्हणून बाजूला ठेवली होती. जानेवारी 1961 मध्ये प्रकाशक आब्रिलने साप्ताहिकाचे दोन भाग केले. एका आठवड्याला डोनाल्ड, दुसऱ्याला पोपट. क्रमांक मात्र एकाच माळेतले. त्यामुळे पोपटाच्या मासिकाचा पहिलाच अंक 479 वा. दोन्ही गठ्ठे एकात एक लावले आणि 'गहाळ' शेरे धडाधड खोडत गेलो. खरोखर नसलेले अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

मला अधिक मोलाचं वाटलं ते आतलं. वॉल्ट डिस्ने 1941 मध्ये दक्षिण अमेरिकेत जाऊन आले, पुढच्या वर्षी हा पोपट पडद्यावर आला. अमेरिकेत त्याच्या चित्रकथा थोड्याच निघाल्या. मासिक तर चालू, मजकूर कुठून आणायचा? साओ पाउलोच्या चित्रकारांनी जुन्या अमेरिकन कथांतला मिकी काढून तिथे पोपट बसवला. चौकट जवळून पाहिली की कळतं. मिकीच्या उंचीचा, मिकीच्याच पवित्र्यात उभा पोपट, शेजारी मिकीचा दोस्त गूफी, ज्याचा पोपटाशी काही संबंध नाही. झिको आणि झेका हे त्याचे भाचे याच अदलाबदलीतून आले. काही संग्राहक अशा कथांना नकली म्हणून बाजूला टाकतात. ते मला अजिबात पटत नाही. मूळ कंपनीकडून पानं पुरेनाशी झाल्यावर दूरदेशीच्या प्रकाशकाने काय केलं, याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

डिस्ने कंपनीलाही ही टंचाई कळली होती. 1960 च्या दशकात तिने परदेशी प्रकाशकांसाठीच वेगळ्या कथा काढायला सुरुवात केली. पहिल्या चौकटीत बारीक 'एस' आणि पाच आकडे दिसले की ती त्यातली. पहिले दोन आकडे वर्षाचे. 1970 च्या दशकात चित्रकार रेनातो कानिनी यांनी पोपटाला सूट-छत्रीतून बाहेर काढून टी-शर्ट घातला, टेकडीवरच्या विला शुरुपिता या वस्तीत राहायला नेलं. पानावर नाव मात्र वॉल्ट डिस्ने यांचंच. या पेटीतली मला सगळ्यात आवडलेली पानं याच काळातली.

मुखपृष्ठ फाटून तारीख गेलेल्या अंकांसाठी दोन खुणा उपयोगी पडल्या. किमतीत 'नवा क्रुझेरो' हे ब्राझीलचं त्या वेळचं चलन असेल तर अंक 1967 ते 1970 मधला. आणि कॉपीराइटच्या ओळीत 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' असेल तर साधारण 1986 च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीने नाव बदलून 'द वॉल्ट डिस्ने कंपनी' केलं. ही ओळ बहुधा पानाच्या तळाशी असते आणि कसर कडेपासूनच सुरुवात करते, म्हणून तिचा फोटो पहिल्यांदा काढून ठेवावा.

बाईंना नवी यादी वाचून दाखवली. दोन्ही मासिकं एकाच खोक्यात, एकाच क्रमाने, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत आडवी ठेवली आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : 479 पासून सम डोनाल्ड, विषम पोपट, वेगळे करू नयेत.