आधी प्रवाह, मग फिल्टर

घरात रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आहे म्हटल्यावर पाहुण्यांचा दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘आम्हालाही करायचाय, फिल्टर कोणता घेऊ?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितोय. पण उत्तर द्यायच्या आधी मलाच एक विचारायचंय. टाकीत प्रवाळ कोणते ठेवणार आहात?

रीफ टँकमधलं गाळणीचं मुख्य काम सच्छिद्र दगड करतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडावरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जिथे प्राणवायू फारसा पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. हे चालायचं तर पाणी दगडांच्या फटींतून सतत खेळतं हवं. दगड भिंतीसारखे एकावर एक चढवले की मागे गाळ बसतो, आणि मग खाली कितीही महागडं यंत्र लावलं तरी फायदा बेताचाच.

प्रवाळ तर जागचा हलत नाही. त्याचं खाणं पाण्याने आणायचं, त्याची घाणही पाण्यानेच न्यायची. त्याच्या अंगालगत जवळपास थबकलेल्या पाण्याचा एक अगदी पातळ थर असतो. प्रवाह वाढला की तो आणखी पातळ होतो आणि देवाणघेवाण सोपी होते. भर उजेडात प्रवाळाच्या पेशींमधली शैवालं भरपूर प्राणवायू तयार करतात. जादाचा प्राणवायू वाहून जाणंही गरजेचंच. म्हणून झगझगीत दिव्यांवर पैसे उधळून पंपात काटकसर करणारे लोक दिसले की मला गप्प बसवत नाही.

टाकीतल्या पाण्याच्या किती पट पाणी तासाभरात फिरतं, हे माप सगळे वापरतात. लेदर, मशरूम, झोअँथिड या मऊ प्रवाळांना साधारण 10 ते 20 पट पुरतं. अॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना 30-40 किंवा त्याहूनही जास्त लागतं. हे ठोकताळेच आहेत. झोत कसा लागतो, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. एकाच बाजूने सरळ झोत बसत राहिला तर मऊ ऊती सांगाड्यावरून सुटायला लागतात. दोन वेव्हमेकर (टाकीतच पाणी ढवळणारे पंप) समोरासमोरच्या काचांवर लावून आळीपाळीने चालवा. टॉर्च किंवा हॅमर कोरलच्या सोंडा डोलल्या पाहिजेत. एका अंगाला दबून राहिल्या तर जोर कमी करा.

एवढं सगळं रिटर्न पंपावर, म्हणजे संपमधून (टाकीखालच्या गाळणीच्या पेटीतून) पाणी वर चढवणाऱ्या पंपावर, लादू नका. संपमधून तासाला 4-5 पट पाणी वर आलं की बस. खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळतो. संपपासून टाकीच्या काठापर्यंतची उंची आणि पाइपचे बाक तो बराच खाली आणतात. पंपासोबतचा आलेख बघून घ्या. वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप महाग पडतो, पण इथे मी हात आखडता घेत नाही.

मग फिल्टर? मोठ्या टाकीला मी स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी घाण फेसात ओढणारं यंत्र, हवाच म्हणतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, सेंद्रिय घाण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि कुजायच्या आत फेसाबरोबर त्याच्या वरच्या कपात जाते. त्याला पाण्याची पातळी स्थिर लागते, तेव्हा संपच्या ज्या कप्प्यात ती हलत नाही तिथेच तो ठेवा. टाकी अगदी छोटी असेल तर दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलूनही निभतं.

बाकी कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर), फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) वगैरे धुवायला जमेल तेवढंच घ्या. तीन-चार दिवसांत सॉक धुतला नाही तर अडकलेली घाण तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढतं. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणायच्या मागेही लागू नका, प्रवाळांना थोडं लागतं. शिवाय तसल्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर माजू शकतो.

आणि मासे आणायच्या आधी, टाकीत नुसतं पाणी असताना, रिटर्न पंपाचा प्लग काढून बघा. वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. ते थांबेपर्यंत संप काठोकाठ भरत असेल तर संपमधलं पाणी कमी ठेवा किंवा टाकीतल्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणा. वीज जायची वाट बघू नका.